तिसऱ्या दिवशी उतरणारा ताप

इंदूरच्या रामबागेत माझ्या आत्याकडे देवघराखालच्या कप्प्यात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. घरात कुणाला दोन शिंका आल्या की तो बाहेर निघतो. तापाची गोळी, गॅसची गोळी, बामची बाटली आणि सगळ्याच्या तळाशी अर्धवट राहिलेली अँटिबायोटिकची पाकिटं. एकात दोन गोळ्या, दुसऱ्यात एकच, तिसऱ्यावरचं नाव फाटून गेलेलं. ‘‘ही घे गं, मागच्या पावसाळ्यात तुझ्या आतोबांना हिनेच बरं वाटलं होतं,’’ म्हणत ती पाण्याचा पेला पुढे करते.

आत्याने तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आहे. जिवाणू वेगळे आणि विषाणू वेगळे, हे तिने आठवीच्या मुलांना फळ्यावर आकृत्या काढून समजावलंय. सर्दी-पडसं विषाणूमुळे होतं आणि अँटिबायोटिक चालतं ते फक्त जिवाणूंवर, हे तिला पक्कं ठाऊक आहे. तरीही डबा निघतो.

मला या ‘तरीही’बद्दल लिहायचं आहे. माहीत असूनही माणूस तसं का वागत नाही, आणि मग त्याचं वागणं बदलतं तरी कशाने, याचा प्रयोग करून शोध घेणाऱ्या शास्त्राला वर्तनविज्ञान म्हणतात. अँटिबायोटिकच्या बाबतीत या शास्त्राने गेल्या पंधरा-वीस वर्षांत फार चांगलं काम केलंय, आणि त्यातलं बरंचसं आपल्या इंदुरातल्या घरांनी आणि दवाखान्यांनी समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

आधी धोका काय ते थोडक्यात. आपल्या आतड्यात, घशात, कातडीवर असंख्य जिवाणू सुखाने राहत असतात. अँटिबायोटिकची गोळी पोटात गेली की ती फक्त आजाराचे जिवाणू शोधून मारत नाही, वाटेत सापडतील त्या सगळ्यांवर वार करते. त्यातले जे चिवट असतात, औषधाला दाद देत नाहीत, ते उरतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत वाढतात. पुढे तेच आजार घडवायला लागले, की नेहमीचं औषध चालत नाही. पेनिसिलिन १९२८ साली शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच हा इशारा देऊन ठेवला होता. आज हिशेब असा आहे, की २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट अशा दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे झाले. त्यातले जवळपास ३ लाख भारतातले.

हे आकडे ऐकून आपण हळहळतो आणि विसरतो. तेही स्वाभाविक आहे, कारण लाखांच्या आकड्यात आपला चेहरा दिसत नाही. म्हणून मी लोकांना दुसरी एक गोष्ट सांगते. अँटिबायोटिक घेतलेल्या माणसाच्या स्वतःच्या शरीरात असे चिवट जिवाणू वाढलेले आढळतात. पहिल्या महिन्यात हा परिणाम सगळ्यात जास्त असतो आणि तो वर्षभरापर्यंत टिकू शकतो. म्हणजे आज साध्या सर्दीला घेतलेली गोळी, सहा महिन्यांनी लघवीचा संसर्ग झाला तर तेव्हाच्या औषधाच्या आड येऊ शकते. एका घरात, एका ताटात, एका मोरीत वावरणाऱ्या माणसांमध्ये हे जिवाणू एकाकडून दुसऱ्याकडे जातातही. जगाचं नुकसान लांबचं वाटतं, हे मात्र आपल्याच उंबरठ्याच्या आतलं आहे.

आता आत्याच्या डब्याकडे परत येऊ. ती गोळी ‘लागू पडली’ असं तिला का वाटतं?

विषाणूचा ताप साधारणपणे तीन-चार दिवस जोरात असतो आणि मग आपोआप उतरतो. पहिला दिवस आपण अंगावर काढतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप वाढला की घाबरून गोळी सुरू होते. तिसऱ्या दिवशी नाहीतर चौथ्या दिवशी ताप उतरतो. तो गोळीशिवायही तेव्हाच उतरला असता. पण डोळ्यांसमोर काय घडलं? गोळी घेतली, ताप गेला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, आणि श्रेय कावळ्याला मिळालं. असं दर पावसाळ्यात घडतं, घरातल्या प्रत्येकाच्या बाबतीत घडतं. शाळेत शिकलेलं एक वाक्य या डोळ्यांदेखतच्या अनुभवापुढे टिकेल कसं? आत्याचा अनुभव खरा आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष तेवढा चुकीचा आहे. ‘‘तुम्हाला कळत नाही’’ असं म्हणून कुणाचं मन वळत नाही, ते यामुळेच.

खोकल्याचं तर याहून अवघड. अमेरिकेत संशोधकांनी लोकांना विचारलं, सर्दीनंतरचा खोकला किती दिवस राहतो असं तुम्हाला वाटतं? लोकांची उत्तरं सात ते नऊ दिवसांच्या आसपास होती. मग त्यांनी आधी झालेल्या अभ्यासांमधून खरा काळ काढला, तर सरासरी निघाली जवळजवळ १८ दिवस. २०१३ मधलं हे संशोधन मला फार मोलाचं वाटतं. नवव्या दिवशी खोकला असला की माणूस म्हणतो, ‘छातीत बसलाय, आता हेवी डोस लागणार.’ खरं तर तो अर्ध्या वाटेवर असतो. ही अडचण औषधाची मुळीच नाही, आपल्या मनातल्या कॅलेंडरची आहे. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी ‘हा दोन-अडीच आठवडे रेंगाळेल’ एवढं सांगितलं, तर नवव्या दिवसाची घाबरगुंडी होत नाही.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायलाच हवी. हे संशोधन तिकडचं आहे. आपल्या देशात टीबी आहे. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त खोकला असेल, तर थुंकीची तपासणी करून घ्यायचीच, हा आपल्याकडचा नियम आहे आणि तो योग्य आहे. मधल्या काळात स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक घेण्यात तर दुहेरी धोका. लिव्होफ्लॉक्सॅसिन या अँटिबायोटिकच्या जातीची औषधं टीबीच्या जिवाणूलाही थोडं दाबतात, त्यामुळे चार दिवस बरं वाटतं आणि खरं निदान लांबतं.

दवाखान्यातला प्रसंग आता डोळ्यांसमोर आणा. बाहेर बाकावर पंधरा माणसं, आत डॉक्टर, समोर चार वर्षांचं पोर आणि त्याची आई. डॉक्टरांना वाटतंय, व्हायरल आहे. आई म्हणते, ‘‘रात्रभर झोपला नाही हो.’’ ती अँटिबायोटिक मागत नाहीये. तिला भीती वाटतेय आणि कुणीतरी ती ऐकावी एवढंच तिला हवं आहे. डॉक्टरांना मात्र ऐकू येतं, ‘काहीतरी जोरदार द्या.’

१९९९ मध्ये लॉस एंजलिसच्या भागात झालेल्या एका अभ्यासात हेच मोजलं गेलं. विषाणूचा आजार दिसत असतानाही, पालकांना अँटिबायोटिक हवंय असं डॉक्टरांना ‘वाटलं’, तेव्हा त्यांनी ते ६२ टक्के वेळा लिहून दिलं. तसं वाटलं नाही तेव्हा फक्त ७ टक्के. आजार तोच, पोरं तशीच, फरक फक्त डॉक्टरांच्या अंदाजात. आणि पालक खूश कशाने झाले? अँटिबायोटिक मिळालं की नाही, याचा त्यांच्या समाधानाशी संबंधच आढळला नाही. डॉक्टर नीट बोलले का, हवं ते समजावून सांगितलं का, याच्याशी होता. दोघंही भलती वाट धरतात, कारण दोघंही एकमेकांच्या मनातलं ओळखू पाहतात आणि कुणीच मोकळेपणी विचारत नाही. मला तर हा सगळ्या विषयाचा गाभा वाटतो.

डॉक्टरांच्या बाजूनेही पाहायला हवं. अँटिबायोटिक दिलं नाही आणि मूल बिघडलं, तर सगळा मोहल्ला बोलेल. दिलं आणि गरज नव्हती, तर कुणाला कळणारही नाही. पहिल्या चुकीला चेहरा आहे, दुसरीला नाही. अशा तराजूत कुणाही भल्या माणसाचं पारडं गोळीकडेच झुकेल. त्यात दमणूक. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या २३ दवाखान्यांमधल्या जवळपास २२ हजार भेटींचा हिशेब मांडला गेला. सर्दी-खोकल्याच्या रुग्णाला अँटिबायोटिक मिळण्याची शक्यता पहिल्या तासापेक्षा दुसऱ्यात, दुसऱ्यापेक्षा तिसऱ्यात जास्त होती आणि चौथ्या तासात तर पहिल्याच्या मानाने सुमारे २६ टक्क्यांनी वाढलेली होती. डॉक्टर तेच, ज्ञान तेच. ‘नाही’ म्हणायला आणि ते समजावून सांगायला ताकद लागते, आणि ताकद दिवसाबरोबर ओसरते. आपल्याकडे संध्याकाळच्या ओपीडीत बसलेल्या डॉक्टरांनी सकाळपासून किती माणसं तपासलेली असतात, ते ज्याने पाहिलंय त्याला हे वेगळं सांगायला नको.

मग उपाय काय? वर्षानुवर्षं सगळीकडे एकच उपाय झाला. पत्रकं छापा, पोस्टर लावा, लोकांना सांगा. इंग्लंडमध्ये २०१४ मध्ये या समजुतीची नीट परीक्षा झाली. आपापल्या भागात सर्वांत जास्त अँटिबायोटिक लिहिणाऱ्या वरच्या २० टक्क्यांतले १,५८१ दवाखाने निवडले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाला देशाच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी सॅली डेव्हिस यांच्या सहीचं एक पत्र गेलं. पत्राचा आशय असा: तुमच्या भागातले ८० टक्के दवाखाने माणशी तुमच्यापेक्षा कमी अँटिबायोटिक लिहितात. सोबत करण्याजोग्या दोन-तीन साध्या गोष्टी. दंड नाही, धमकी नाही, चौकशी नाही.

सहा महिन्यांत पत्र मिळालेल्या गटाचं प्रमाण दुसऱ्या गटापेक्षा ३.३ टक्क्यांनी कमी भरलं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण हिशेब केला तर सुमारे ७३ हजार चिठ्ठ्या कमी लिहिल्या गेल्या, आणि खर्च जवळपास टपालापुरता. याच प्रयोगाच्या दुसऱ्या टप्प्यात रुग्णांसाठीची पत्रकं आणि पोस्टर दिली होती. त्यांचा काहीही मोजण्याजोगा परिणाम दिसला नाही.

पत्राने काम का केलं? त्यात औषधाविषयी एकही नवी माहिती नव्हती. नवीन होती ती ‘बाकीचे काय करतात’ ही बातमी. प्रत्येक डॉक्टर आपल्या केबिनमध्ये एकटा असतो. आपण करतो तेच सगळे करतात, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. चार लोक काय करतात हे कळलं, की माणूस स्वतःकडे नव्याने पाहतो. लग्नात आहेर किती करायचा हे आपण कसं ठरवतो? तसंच हे.

अमेरिकेत बोस्टन आणि लॉस एंजलिसच्या ४७ दवाखान्यांत यापुढचा प्रयोग झाला. २०१६ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. काही डॉक्टरांना दर महिन्याला ईमेल जायची, ‘कमीत कमी अनावश्यक अँटिबायोटिक लिहिणाऱ्या उत्तम डॉक्टरांत तुम्ही आहात’ किंवा ‘नाही आहात’. त्यांचं अनावश्यक लिहिण्याचं प्रमाण १९.९ टक्क्यांवरून ३.७ वर आलं. दुसऱ्या काहींच्या कॉम्प्युटरवर, सर्दीला अँटिबायोटिक लिहिलं की एक चौकट उघडायची: ‘कारण लिहा, ते रुग्णाच्या नोंदीत दिसेल.’ तिथे २३.२ वरून ५.२. ज्यांना यातलं काहीच दिलं नव्हतं त्यांचंही २४ वरून १३ पर्यंत उतरलं, कारण आपल्यावर कुणाची तरी नजर आहे हे त्यांनाही ठाऊक होतं. म्हणजे सगळं श्रेय ईमेलला किंवा चौकटीला देता येत नाही, पण त्यापलीकडचा फरकही चांगलाच ठळक आहे. प्रयोग थांबवल्यावर काही महिन्यांनी पुन्हा पाहिलं, तर चौकटीचा परिणाम ओसरत चालला होता, बरोबरीच्यांशी तुलनेचा मात्र बराचसा टिकून होता. बाहेरून कुणी अडवलं, तर ते माणूस विसरतो. ‘मी असा डॉक्टर आहे’ हे एकदा मनात रुजलं की ते राहतं.

तिसरा प्रयोग मला सगळ्यात जवळचा वाटतो, कारण तो उद्या सकाळी आपल्या सुदामा नगरातल्या किंवा लोकमान्य नगरातल्या कुठल्याही दवाखान्यात करता येईल. लॉस एंजलिसच्या पाच दवाखान्यांत १४ डॉक्टर आणि इतर तपासणाऱ्यांपैकी काहींनी तपासणीच्या खोलीत एक मोठा कागद लावला. त्यावर त्यांचा स्वतःचा फोटो, स्वतःची सही, आणि साध्या भाषेत लिहिलेलं वचन: गरज नसताना मी तुम्हाला अँटिबायोटिक देणार नाही, कारण त्याने तुमचं नुकसान होतं. मजकूर इंग्रजीत आणि तिथल्या पुष्कळ रुग्णांच्या स्पॅनिश भाषेतही. बारा आठवडे कागद भिंतीवर होता. ज्यांनी लावला नव्हता त्यांच्या तुलनेत अनावश्यक अँटिबायोटिकचं प्रमाण सुमारे २० टक्के-बिंदूंनी, म्हणजे दर शंभर भेटींमागे सुमारे वीसने, खाली आलं. सरकारी पोस्टर आणि हा कागद, दोन्ही भिंतीवरच असतात. पण पोस्टर कुणाचंच नसतं. या कागदावर सही असते, आणि दिलेला शब्द मोडताना माणूस अडखळतो. शिवाय रुग्णाशी वाद घालायची वेळच येत नाही, डॉक्टरांनी नुसतं भिंतीकडे बोट दाखवायचं.

आणखी एक युक्ती आहे, तिला मी ‘थांबून घ्यायची चिठ्ठी’ म्हणते. डॉक्टर चिठ्ठी लिहून देतात, पण सांगतात, आज घेऊ नका. दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही तरच आणा. घशाचा, कानाचा, छातीचा साधा संसर्ग असलेल्यांवरचे असे अनेक अभ्यास एकत्र केले तेव्हा दिसलं, की लगेच औषध दिलेल्यांपैकी ९३ टक्क्यांनी ते घेतलं, चिठ्ठी थांबवून दिलेल्यांपैकी फक्त ३१ टक्क्यांनी. समाधान दोन्हीकडे जवळजवळ सारखं. रुग्णाला रिकाम्या हाताने परतल्यासारखं वाटत नाही, आणि तिसऱ्या दिवशी ताप आपण होऊन उतरला की त्याला तो स्वतःच्या डोळ्यांनी गोळीविना उतरलेला दिसतो. आत्याच्या फांदी-कावळ्याची गाठ सुटते ती इथे.

पण इथे मला थोडं थांबून आपल्या मातीकडे बघावंसं वाटतं. इंग्लंडमधलं पत्र आपल्याकडे कुणाला पाठवायचं? तिथे प्रत्येक चिठ्ठीची नोंद आहे. आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला एमवाय हॉस्पिटलच्या आसपासच्या कुठल्याही मेडिकलपाशी पाच मिनिटं उभं राहा. ‘‘भिया, वो तीन गोली वाली देना, पाँच सौ वाली.’’ नाव नाही, चिठ्ठी नाही, आणि काउंटरच्या दोन्ही बाजूंना कळतं की हे अझिथ्रोमायसिन. एका अभ्यासानुसार भारताच्या खासगी बाजारात २०१९ मध्ये सर्वांत जास्त खपलेलं अँटिबायोटिक हेच होतं, पाचशे मिलिग्रॅमची अझिथ्रोमायसिनची गोळी. त्याच अभ्यासातली दुसरी बाब मात्र पुष्कळांना चकित करेल. माणशी वापर पाहिला तर भारत अनेक देशांच्या मागे आहे. आपली अडचण निवडीची आहे. जागतिक आरोग्य संघटनेने अँटिबायोटिकचे तीन गट केलेत, पहिल्या फळीतली, जपून वापरायची आणि राखीव. आपल्या वापरात निम्म्याहून अधिक वाटा दुसऱ्या गटाचा, म्हणजे जपून वापरायच्या औषधांचा निघाला. जिथे चाकू पुरला असता तिथे आपण तलवार काढतो.

त्या मेडिकलपाशी उभ्या असलेल्या माणसाला मी दोष देणार नाही. तो रोजंदारीवर आहे. दवाखान्यात अर्धा दिवस मोडला की त्या दिवसाची मजुरी गेली. तीन गोळ्या पन्नास-शंभरात येतात आणि उद्या कामावर जाता येईल अशी आशा देतात. वर्तनविज्ञानात सुझन मिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये एक सोपी मांडणी दिली. कुठल्याही वागण्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात: ते जमायला हवं, तशी संधी हवी आणि मनात हवं. आत्याला कळतंय, तिच्याकडे संधीही आहे, तिचं मन अनुभवामागे जातं. या मजुराला संधीच नाही. दोघांना एकच पत्रक देऊन कसं चालेल? आणि खेड्यात गेलो तर प्रश्न आणखी खोल आहे. मध्य प्रदेशच्या ग्रामीण भागात संशोधक जिष्णू दास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकवून तयार केलेले खोटे रुग्ण गावोगावच्या दवाखान्यांत पाठवले होते. २०१२ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात, उपचार करणाऱ्यांपैकी जवळपास दोन-तृतीयांश लोकांकडे वैद्यकीय पदवीच नव्हती. गावासाठी डॉक्टर म्हणजे तेच. त्यांना यातून वगळलं, तर निम्मा मध्य प्रदेश वगळल्यासारखं होईल.

कायदा आहे. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. २०१४ च्या मार्चपासून एच-वन नावाची जास्त कडक यादीही लागू झाली. सेफिक्सीमसारखी औषधं तीत आहेत, आणि ती विकताना वेगळ्या वहीत नोंद करून वही तीन वर्षं ठेवावी लागते. २०१६ मध्ये केंद्र सरकारने पाकिटावरच्या लाल रेघेची मोहीम काढली. ज्या पाकिटावर उभी लाल रेघ, ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. रेघेची कल्पना मला आवडते, कारण अक्षरओळख नसलेल्या माणसालाही ती दिसते. फक्त ती कशासाठी आहे, हे काउंटरवर कुणीतरी एकदा बोटाने दाखवायला हवं.

वागणं बदलत नाही, असं निदान इंदूरकराने तरी म्हणू नये. ‘कचरा कचरापेटीतच टाका’ अशा पाट्या आपण वर्षानुवर्षं वाचल्या आणि पेटीच्या शेजारी कचरा टाकला. मग कोपऱ्याकोपऱ्यावरच्या पेट्याच उचलल्या गेल्या. रोज सकाळी गाणं वाजवत गाडी दारात यायला लागली. गाडीला कप्पे. ओला-सुका मिसळून दिला तर सफाई मित्र तो शेजाऱ्यांदेखत परत करायचा. २०१७ पासून सलग सात वेळा हे शहर स्वच्छतेत देशात पहिलं आलं. आपण अचानक शहाणे झालो होतो का? ओला आणि सुका कचरा वेगळा असतो हे आधीही माहीत होतं. बदलली ती रचना. योग्य गोष्ट सोपी झाली, ठरावीक वेळी दारात आली, चुकीची अवघड झाली, आणि शेजारी काय करतात ते दिसायला लागलं. इंग्लंडच्या पत्रामागे, त्या चौकटीमागे, भिंतीवरच्या सहीमागे हीच तत्त्वं आहेत. फरक एकच. कचरा दिसतो, अनावश्यक गोळी दिसत नाही. म्हणून आधी ती दिसेल अशी व्यवस्था करावी लागते.

संसर्गच कमी झाला तर गोळीचा प्रश्नच कमी होतो, हेही खरं. उदयपूर जिल्ह्यातल्या खेड्यांत अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी लसीकरणाचा प्रयोग केला. जिथे काहीच केलं नाही तिथे ६ टक्के मुलांचं लसीकरण पूर्ण झालं. नियमित, भरवशाचं शिबिर गावात आल्यावर १८ टक्के. शिबिराला येणाऱ्या आईला दर वेळी एक किलो डाळ आणि शेवटी थाळ्या दिल्यावर ३९ टक्के. आया लसीच्या विरोधात नव्हत्या. आजचं काम टाकून जायला आजच काहीतरी कारण हवं होतं.

आपण रुग्ण म्हणून काय करू शकतो? एक प्रश्न विचारू शकतो: ‘‘डॉक्टर, हे व्हायरल आहे का? अँटिबायोटिकशिवाय भागेल का?’’ चीनमध्ये संशोधकांनी खोटे रुग्ण जोडीने एकाच डॉक्टरकडे पाठवले. तक्रार सारखीच, फक्त एकाने आपल्याला अँटिबायोटिकबद्दल थोडं कळतं असं दाखवणारा प्रश्न विचारायचा. विचारणाऱ्याला अँटिबायोटिक कमी वेळा मिळालं, खर्चही कमी झाला. पण संवादातला गोडवाही थोडा कमी झाला, हे त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवलंय. म्हणून प्रश्न कसा विचारतो ते महत्त्वाचं. परीक्षा घेतल्यासारखा नको, आपल्या घरच्या वडीलधाऱ्याला विचारावा तसा हवा.

दुसऱ्या टोकाला जाण्याची मला तितकीच भीती वाटते. न्यूमोनियात, रक्तात पसरलेल्या संसर्गात, जखमेत पू झाल्यावर अँटिबायोटिक जीव वाचवतं, आणि तिथे उशीर घातक असतो. मूल भराभर श्वास घेत असेल, छाती आत ओढली जात असेल, दूध पीत नसेल, गुंगीत असेल, तर तीन दिवस थांबायचं नाही, त्याच क्षणी जायचं. डॉक्टरांनी जितके दिवस सांगितलं तितके दिवस औषध घ्यायचं. तो काळ किती असावा यावर तज्ज्ञांची मतं अलीकडे बदलत आहेत आणि पुष्कळ आजारांत लहान कोर्सही पुरतो असं दिसतंय, पण तो लहान करायचा अधिकार त्यांचा, आपला नाही. आणि उरलेल्या दोन गोळ्या डब्यात ठेवायच्या नाहीत.

गेल्या थंडीत आत्याला खोकला झाला. मी तिला हे सगळं सांगितलं नाही, फक्त तिच्याबरोबर डॉक्टरांकडे गेले. त्यांनी छाती तपासली आणि म्हणाले, ‘‘मावशी, फुप्फुसं स्वच्छ आहेत. हा खोकला लवकर जाणार नाही, वीसेक दिवस राहील. कोमट पाणी, वाफ, मध. धाप लागली, ताप आला तर लगेच या. आणि पंधराव्या दिवशी खोकला असलाच तर थुंकी तपासून घेऊ.’’ घरी आल्याआल्या आत्याने कालनिर्णयवर पंधराव्या दिवसाला लाल पेनने गोल केला. रोज सकाळी चहा गाळताना ती दिवस मोजायची. नवव्या दिवशी मला फोन आला, ‘‘अजून आहे गं, पण अजून अकरा दिवस आहेत ना?’’ पंधराव्या दिवशी आम्ही जाऊन थुंकी देऊन आलो. काही निघालं नाही. एकोणिसाव्या दिवशी रात्रभर तिला शांत झोप लागली. त्या तारखेच्या चौकटीत तिने बारीक अक्षरात लिहून ठेवलंय: ‘गेला. गोळी नाही.’